पंखा थांबलाय

१

फिरकी नाक खुपसून पडली होती. तशीच उचलून आणून तिला पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलं होतं. ती चालवणाऱ्या थोरल्याला तिच्यातून बाहेर काढलं, पण त्याचा एक हातमोजा सीटखाली राहून गेला होता. तो उचलावा हे कोणाला सुचलं नव्हतं, आणि सुचलं असतं तरी उचलून ठेवायचा कुठे, हा प्रश्न होताच.

फिरकी म्हणजे जायरोकॉप्टर. डोक्यावर दोन लांबलचक पाती, मागे इंजिन आणि प्रोपेलर, एकामागे एक दोन सीटा, बाकी सगळी नळ्यांची घडवंची. एका लढाऊ विमानाच्या किमतीत असल्यांचा थवाच्या थवा येतो, म्हणून युद्ध लांबलं तशी मुख्यालयाला ही अक्कल सुचली. पुढच्याने चालवायची आणि मागच्याने छऱ्यांच्या बंदुकीने पलीकडची ड्रोनं टिपायची, एवढा साधा कारभार. पहिली खोकी फोडली तेव्हा तळावरचे लोक म्हणाले होते, मुख्यालयाने आपली चांगलीच फिरकी घेतली. नाव तेव्हा चिकटलं ते चिकटलंच. हसू तेवढं फार दिवस टिकलं नाही.

चौकशीला आलेल्या बाई युद्धापूर्वी लिफ्टचे अपघात तपासायच्या. विमानांचे जाणकार सगळे आघाडीवर अडकलेले, तेव्हा वरच्या कोणीतरी असा विचार केला असावा की पडणारी वस्तू ती पडणारी वस्तू, लिफ्ट काय आणि फिरकी काय. तळावर पाऊल ठेवल्या ठेवल्या त्यांचं नाव 'लिफ्टवाल्या बाई' पडलं. त्यांनी ते ऐकलं आणि काही वाटून घेतलं नाही. हल्ली त्यांना कशाचंच फारसं काही वाटत नसे. त्या सकाळी उठत, समोर येईल ते खात, आणि माणूस कशाने मेला ते शोधून काढत.

तळाचे प्रमुख, ज्यांना सगळे नुसतं साहेब म्हणत, ते पायदळातून इथे आले होते. फिरकीत ते एकदाही बसले नव्हते, पण त्यांच्यापुरता निकाल लागून गेलेला होता. त्यांनी बोट वर करून दाखवलं.

"हा पंखा. आदल्या दिवशी मिस्त्रीने नवा बसवला, तसं त्याने स्वतः कबूल केलंय. दुसऱ्या दिवशी पहाटे थोरल्याचा रेडिओवर निरोप आला, 'पंखा थांबलाय, उतरतोय.' मग काही नाही. आता हलगर्जी म्हणा नाहीतर फितुरी म्हणा, युद्धात दोन्हींना शिक्षा एकच."

मिस्त्री कोठारात कोंडलेला होता. संध्याकाळी लष्करी कोर्टाची गाडी येणार, आणि त्या गाडीतून गेलेला माणूस परत आल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं. बाईंना काही म्हणायचं असेल तर ते त्याआधी म्हणायचं होतं. साहेबांच्या बोलण्यावरून त्यांना काही म्हणायचं नसलेलंच बरं होतं.

बाईंनी फिरकीला एक फेरी मारली. आग लागलेली नव्हती. टाकीचं झाकण काढून त्यांनी वास घेतला, आत काठी घातली, काठी कोरडी बाहेर आली. प्रोपेलर कोरा करकरीत, त्याची तिन्ही पाती शाबूत, साधा ओरखडाही नाही. वरच्या लांब पात्यांची मात्र दशा झालेली. रंग उडालेला, एकावर जुनं ठिगळ, आणि दुसऱ्याचं टोक हातभर गायब. टोक मोडून झुडपात पडलं असणार, शोधलं तेव्हा सापडलं नाही, असं साहेब म्हणाले. थोरल्याला डॉक्टरांनी तपासलं होतं. मान मोडली होती, बाकी अंगावर खूण नव्हती.

साहेबांना फोन आला म्हणून ते बाहेर गेले. बाई स्टुलावर चढल्या आणि त्यांनी तुटलेल्या पात्याच्या कडेवरून बोट फिरवलं. मोडलेली वस्तू खडबडीत असते, तिच्यातून तंतू लोंबतात. ही कड सरळ होती. पात्याचं टोक पडताना मोडलं नव्हतं. पडल्यानंतर ते कोणीतरी करवतीने कापून नेलं होतं.

२

कोठारात टायर रचलेले होते आणि त्यांतल्या एकावर मिस्त्री बसला होता. पन्नाशीचा, नाकासमोर चालणारा माणूस. भिंतीकडे बघावं तसं त्याने बाईंकडे बघितलं. त्याच्या दोन्ही मनगटांना फडकी गुंडाळलेली होती. ती कशाला, असं बाईंनी विचारलं. ती सवयच आहे म्हणाला. वरची पाती काचेच्या तंतूंची असतात, घासताना कूस अंगात शिरते आणि मग दोन-तीन दिवस खाजवून जीव जातो. कोंडलं त्या दिवशी कामावर होता, म्हणून फडकी तशीच राहिली.

पंखा त्यानेच बसवला का, या प्रश्नाला त्याने मान हलवली. उगाच नाही कशाला म्हणू, असं म्हणाला. जुना चिरला होता, नवा आला, बसवला. बाईंनी विचारलं, एकट्याने कसा बसवलास? त्यावर तो पहिल्यांदा जरा माणसासारखं बोलला. त्याने दोन्ही हात छातीसमोर धरून चाक फिरवावं तसे फिरवून दाखवले. वजन काहीच नसतं, म्हणाला, पण वाकून वाकून कंबर धरते, बोल्ट घट्ट करेपर्यंत पाठीचा पार बोऱ्या वाजतो.

"तो थांबला असेल तर माझंच काहीतरी चुकलं असेल," तो म्हणाला. "पण काय चुकलं ते कळत नाही. हे लोक मला बघूही देत नाहीत."

गाडीचं त्याला सांगितलेलं होतं. घरी कोण आहे, तर बायको आहे, आणि मुलीचं बाळंतपण तोंडावर आलंय. हे त्याने बोल्टबद्दल बोलावं तशाच आवाजात सांगितलं. बाईंना त्याची दया यायला हवी होती. ती आली नाही.

निघताना त्यांनी विचारलं, शेडमध्ये कोण कोण जाऊ शकतं? मिस्त्री म्हणाला, सगळेच. कुलूप फक्त कोठाराला आहे.

३

पाण्याच्या टाकीवर पहाऱ्याचं ठाणं होतं. तिथे धाकटा बसलेला होता, थोरल्याचा सख्खा भाऊ. एरवी तो थोरल्याच्या मागच्या सीटवर बसायचा. त्याच्याइतका नेम तळावर दुसऱ्या कोणाचा नव्हता. ज्या दिवशी थोरला पडला त्या दिवशी मागच्या सीटवर औषधांची खोकी बांधून तो पुढच्या ठाण्यावर गेला होता. जागा उरली नाही, म्हणून धाकट्याला टाकीवर चढवलं.

बाईंनी सांत्वनाचे दोन शब्द काढले. ते त्याने ऐकून घेतले आणि बंदूक पुसत राहिला. त्याच्यासमोर ताटात भात वाळून गेला होता. त्या पहाटेचं तो सांगू लागला, तेही असं की हे सगळं दुसऱ्या कोणाच्या तरी घरी घडलंय.

धुकं होतं. नियम असा की आपलं कोण हवेत आहे ते रेडिओच्या खोलीतून टाकीवर कळवायचं. जे कळवलेलं नाही ते शत्रूचं. पलीकडच्यांनीही आताशा असल्या स्वस्तातल्या फिरक्या जुळवल्यात, इंजिन बंद करून धुक्यातून चोरासारखे येतात. त्या पहाटे आधी मामाचा फोन आला. मामा म्हणजे या दोघांचा सख्खा मामा, रेडिओवर तोच असतो. आपली फिरकी पडली, आता हवेत आपलं काही नाही, असं मामाने कळवलं.

"म्हणजे भाऊ गेला हे तुला आधी कळलं," बाई म्हणाल्या.

"हो."

"आणि मग?"

"मग जरा वेळाने झाडांवर एक काळं दिसलं. बार काढला. ते झाडांमागे गेलं, दलदलीच्या अंगाला."

"आवाज कसला येत होता?"

धाकट्याचा हात थांबला. इंजिनाचा नव्हता, एवढंच तो म्हणाला, आणि पुन्हा पुसू लागला.

या कामगिरीसाठी साहेबांनी त्याची शिफारस वर पाठवली होती. भाऊ गेल्याचं कळूनही पोरगा जागेवरून हलला नाही, उलट एक पाडलं, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते. धाकट्याला त्याचं काही नव्हतं. त्याने पाडलेलं यंत्र सापडलं का, असं बाईंनी विचारलं. दलदलीने गिळलं, तो म्हणाला, तिथे ट्रकसुद्धा गिळले जातात.

बाई टाकीच्या कठड्याशी गेल्या. झाडं समोर दिसत होती. झाडांच्या अल्याड दाबलं गेलेलं गवत होतं, थोरल्याची फिरकी सापडली ती जागा. झाडांच्या पल्याड दलदल सुरू होत होती. दोन्हींच्या मध्ये एखादं अंगण मावेल इतकंच अंतर होतं. एका पहाटे, एका धुक्यात, दोन यंत्रं अंगणभर अंतराने पडली होती. बाईंनी झाडांकडे दोनदा बघितलं आणि खाली उतरल्या. कुठेतरी पाणी मुरत होतं.

४

रेडिओची खोली म्हणजे पूर्वीचं आंघोळीचं घर. मोरीवर फळ्या टाकून त्यावर यंत्रं मांडलेली. मामा साठीच्या आसपासचा, शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत लावलेला. दोन्ही भाच्यांना या तुकडीत त्यानेच आणलं होतं. युद्धापूर्वी तो वायरमन होता, अर्ध्या शहराचे छताचे पंखे मीच टांगलेत, असं म्हणायचा. रेडिओवरचा मूळ माणूस आजारी पडला म्हणून हे काम महिन्यापूर्वी त्याच्या गळ्यात पडलं.

त्याने बाईंसाठी चहा केला. निरोप सांगा म्हटल्यावर त्याने शब्दाला शब्द सांगितला: पंखा थांबलाय, उतरतोय. आवाज कसा होता? नेहमीसारखा. ओरडला का? नाही. पुढे काही ऐकू आलं नाही, कारण फिरकीचा रेडिओ इंजिनावर चालतो. इंजिन गेलं की बॅटरी दोन वाक्यांपुरती. मग तुम्ही काय केलंत? टाकीवर कळवलं. बरोबरच केलं, नियमच आहे.

"निरोप 'उतरतोय' असा होता," बाई म्हणाल्या. "तुम्ही 'पडली' असं कळवलंत."

"पंखा थांबल्यावर काय उतरणार, बाई?" मामाने वर बघितलं, जणू तिथे पंखा होता. "त्या दोन पात्यांवरच तर सगळं लटकलेलं असतं. ती थांबली की धोंडा. तो आपला मला धीर देत होता. आईला पण तो असंच काहीतरी सांगायचा."

बोलता बोलता त्याने बाहीच्या आत बोटं घालून मनगट खाजवलं. मग दुसरं खाजवलं. बाईंनी विचारलं, काय झालं? डास, तो म्हणाला, मोरीत फार डास. बाही जराशी वर सरकली तेव्हा कातडी लालभडक दिसली, बारीक बारीक पुरळ कोपरापर्यंत गेलेलं.

बाईंनी चहा संपवला. त्यात साखर होती की नव्हती ते त्यांना कळलं नव्हतं. भिंतीला मामाची वायरमनची पेटी होती, उघडी, आणि तिच्यात पकडी, टेस्टर, चिकटपट्टी, सगळं जिथल्या तिथे लावलेलं. लोखंड कापायची करवतही होती.

५

बाई परत कोठारात गेल्या. साहेबांनाही बरोबर घेतलं, त्यांना ते फारसं आवडलं नाही.

आता त्यांना आपल्याच डोक्याचा राग येत होता. सकाळी हा माणूस वाकून दाखवत होता. डोक्याच्या वर असलेली वस्तू बसवायला कोणी वाकत नाही, शिडी लावतो. हात छातीसमोर फिरवत होता, डोक्यावर नाही. आणि शेडमधली वरची पाती जुनी होती, ठिगळाची. आदल्या दिवशी बसवलेली कोरी करकरीत वस्तू त्या फिरकीवर एकच होती.

"मिस्त्री," त्या म्हणाल्या, "कुठला पंखा बसवलास?"

मिस्त्रीला प्रश्नच कळेना. "कुठला म्हणजे? पंखा एकच असतो. इंजिनाचा. मागचा."

"आणि वरचा?"

"वरच्याला कोण पंखा म्हणतं? ती पाती. उडणारे आणि आम्ही, सगळे तसंच म्हणतो."

तळावरून वर बघणाऱ्या प्रत्येकाला ती वरची फिरणारी पाती म्हणजेच पंखा, साहेबांनाही. त्यांनी मिस्त्रीला विचारलं होतं, पंखा तू बसवलास का, आणि तो सरळ हो म्हणाला होता. त्यावरून त्याला कोंडून झालं होतं.

बाईंनी पुढे विचारलं, मागचा पंखा हवेत थांबला तर काय होतं? मिस्त्री म्हणाला, काही होत नाही. वरची पाती इंजिनावर फिरतच नाहीत, ती नुसत्या वाऱ्यावर फिरतात. इंजिन बंद पडलं तर फिरकी हळूहळू खाली येते, झाडाचं पंख असलेलं बी गरगरत येतं तशी. थोरला कितीतरी वेळा मजेत तशी उतरवायचा. मग मिस्त्रीने एकदा साहेबांकडे, एकदा बाईंकडे बघितलं.

"निरोप काय होता?" त्याने विचारलं. "मला नुसतं पंख्यामुळे मेला एवढंच सांगितलं. पंखा थांबला म्हणून माणूस मरतो होय?"

"इंधनाची टाकी कोरडी होती," बाई म्हणाल्या. "परतीला वारा समोरून असेल. इंजिन बंद पडलं. जमिनीवर आपटली तेव्हा मागचा पंखा फिरत नव्हता, म्हणून त्याला ओरखडा नाही. तुझं काही चुकलेलं नाही."

मिस्त्री पुन्हा टायरवर बसला. चुकलं नाही, हे ऐकून त्याला बरं वाटलंय असं काही त्याच्या चेहऱ्यावर दिसलं नाही.

साहेब बाईंना बाहेर घेऊन आले. फिरकी सावकाश उतरत होती, तर माणूस मेला कसा, असं त्यांनी विचारलं. त्यांच्या आवाजातली घाई आता गेली होती. बाईंनी त्यांना विचारलं, त्या पहाटे किती यंत्रं पडली? दोन, साहेब म्हणाले. एक आपलं, एक त्यांचं.

"आणि सांगाडे किती सापडले?"

"एक," साहेब म्हणाले, आणि त्यांची मान पहाऱ्याच्या टाकीकडे वळली.

६

मामाला शेडमध्ये बोलावून घेतलं. साहेब बाजूला उभे राहिले, बाईंनी मामाला बसायला स्टूल दिलं. फिरकीच्या सांगाड्यासमोर तो बसला खरा, पण नजर जमिनीवरून हलली नाही.

बाईंनी आवाज चढवला नाही. त्या म्हणाल्या, मामा, तुम्ही हयातभर छताला पंखे टांगलेत. पंखा म्हटला की तुमची मान वर जाते. भाच्याने सांगितलं, इंजिन बंद पडलंय, उतरतोय. तुम्हाला ऐकू आलं, वरची पाती थांबली, आता धोंड्यासारखा खाली. तुम्ही टाकीवर कळवलं, आपली पडली. ती तेव्हा हवेत होती आणि इंजिनाचा आवाज न करता खाली येत होती. टाकीवर जो होता त्याच्यासाठी हवेत आता आपलं काहीच नव्हतं.

"छरे पात्याच्या टोकाला लागले. झाडांच्या उंचीवरून फिरकी कलंडली. नंतर इथे येऊन ती भोकं तुम्ही बघितलीत आणि टोक कापून नेलंत. डासांनी असं पुरळ येत नाही. ती पात्याची कूस आहे."

मामाने नाही म्हटलं नाही. त्याने बाह्या वर केल्या, लपवायचं काही राहिलं नव्हतं. टोक दलदलीत टाकलं, म्हणाला. छरे त्याने ओळखले होते, त्या मापाचे छरे तळावर एकटा धाकटा वापरायचा. त्या संध्याकाळी तो या सांगाड्याखाली उभा राहिला आणि त्याला सगळं एकदम कळलं, शब्दाचं सोडून. शब्द आत्ता कळला.

"बहिणीला कळवलं, एक गेला," तो म्हणाला. "दुसऱ्याने मारला हे कोणत्या तोंडाने कळवू? आणि तो काय करून घेईल स्वतःचं? बाई, त्याला सांगू नका. माझ्या नावावर काय वाटेल ते लिहा. मीच पाडली लिहा."

"आणि मिस्त्री?" बाईंनी विचारलं.

मामाने बाह्या पुन्हा खाली ओढल्या. आवाज आला तो दारातून. धाकटा तिथे उभा होता. साहेबांनी बोलावणं धाडलं म्हणून आला होता, कधीचा आला होता कोण जाणे.

"मला माहीत आहे," तो म्हणाला.

धाकटा आत आला आणि ठिगळ लावलेल्या पात्याखाली उभा राहिला, जिथे एरवी त्याची सीट असायची.

"बार सुटला, आणि मग पाती ऐकू आली," तो म्हणाला. "या पात्याचं ठिगळ प्रत्येक फेरीला फट् करतं. मी रोज याच्याखाली बसतो. दुसऱ्या कुठल्या फिरकीचा असा आवाज नाही."

"मग बोलला का नाहीस?" साहेब म्हणाले. हा प्रश्न त्यांनी वरिष्ठ म्हणून विचारला नव्हता.

धाकट्याने मामाकडे मान केली. "पडली म्हणून यानेच कळवलं होतं. मी बोललो असतो तर याला कळलं असतं, याच्या फोनमुळे झालं ते. हा जगला नसता."

दोन दिवस दोघं एका खोलीत झोपले होते, एका ताटात जेवायला बसले होते, आणि एकमेकांना सांभाळत होते. बाईंनी पुष्कळ अपघात तपासले होते. लिफ्टचा मालक हात वर करतो, दुरुस्तीवाला मालकावर खापर फोडतो, हे त्यांना सवयीचं होतं. इथे लबाडी अशी कोणी केलीच नव्हती. तरी एक माणूस संध्याकाळच्या गाडीने जाणार होता आणि या दोघांनी त्याला जाऊ दिलं असतं.

"मिस्त्रीचं काय?" त्यांनी पुन्हा विचारलं, या वेळी धाकट्याला.

त्याने थोडा विचार केला. त्याच्या मनात खोट नव्हती, राग तर नव्हताच.

"तो आमचा कोणी लागत नाही," तो म्हणाला.

गाडी ठरल्याप्रमाणे आली. साहेबांनी बाईंचं म्हणणं लिहून घेतलं, खाली सही केली आणि धाकट्याची शिफारस मागे घ्यायची कशी, हे कोणाला विचारावं ते न कळून पेन तसंच हातात धरून बसले. पुरावा नाहीसा केला म्हणून मामाला जावं लागणार होतं. त्याने आपण होऊन पिशवी भरून आणली होती. धाकट्याने ती त्याच्या हातातून घेतली.

कोठाराचं कुलूप बाईंनी स्वतः काढलं. मिस्त्रीला सांगणं त्यांना भाग होतं, आणि त्यांनी ते फिरवून न सांगता सांगितलं. शब्द कसा चुकला, फोन काय गेला, बार कोणी काढला. मामा आणि धाकटा दाराबाहेर येऊन उभे होते, त्यांनाही ते ऐकू जात होतं. मिस्त्रीने त्या दोघांकडे बघितलं. तो आता शिव्या घालेल, निदान थुंकेल, असं बाईंना वाटलं. तसं झालं असतं तर त्यांना सोपं गेलं असतं.

"म्हणजे पंखा थांबला तेव्हा तो घाबरला नसेल," मिस्त्री म्हणाला. "त्याला उतरवता यायची. इंजिन थांबलं की वर फार शांत असतं, असं सांगायचा मला."

मग तो टायरवर खाली बसला आणि रडायला लागला. तोंड उघडं टाकून, मोठ्याने, खांदे हलवत तो रडत राहिला. गाडीवाला खाली उतरून बघायला आला आणि पुन्हा आत जाऊन बसला. बाईंनी मिस्त्रीच्या पाठीवर हात ठेवला. तो काढून घ्यायचं त्यांना सुचलं नाही.

मामा आणि धाकटा दारातच उभे होते, मध्ये पिशवी. दोघांचे डोळे कोरडे होते. माणूस कसा रडतो ते शिकून घ्यावं, तसे ते मिस्त्रीकडे बघत होते.